लोकवर्गणीतले कॉन्सर्ट

एखाद्या शहरातल्या चाहत्यांनी इंटरनेटवरून पैसे गोळा करून आवडत्या कलाकाराला आपल्या गावी बोलावण्याची पद्धत. एरवी मानधन, सभागृहाचे भाडे, ध्वनियंत्रणा, प्रवास हा सारा खर्च आयोजक आधी अंगावर घेतो आणि तिकिटांतून तो निघेल अशी आशा धरतो. लहान शहरात ही आशा फसण्याची भीती जास्त, म्हणून दौरे ठरावीक मोठ्या शहरांवरूनच जातात. लोकवर्गणीत हीच भीती शेकडो चाहते थोडीथोडी वाटून घेतात.

मराठी वाचकाला यात फारसे नवल वाटू नये. जत्रेसाठी गाव वर्गणी काढते आणि पंचमंडळी नारायणगावच्या राहुट्यांवर जाऊन तमाशाच्या फडाला सुपारी देतात. पण तिथे वर्गणीदार एकमेकांना ओळखतात, आणि पैसे न देणाऱ्याला पारावर विचारणारे असतात. इंटरनेटवरच्या अनोळखी माणसांवर असा धाक नाही. त्यामुळे ‘ठरलेली रक्कम जमली तरच पैसे घेणार, नाहीतर नाही’ ही अट तिथे कळीची ठरते. किकस्टार्टर हे 2009 साली सुरू झालेले संकेतस्थळ याच अटीवर चालते.

सर्वांत गाजलेले सुरुवातीचे उदाहरण मात्र त्याच्या बरेच आधीचे, 1997 चे आहे. मॅरिलियन या ब्रिटिश रॉक बँडचे कीबोर्डवादक मार्क केली यांनी इंटरनेटवरच्या चाहत्यांना कळवले, की अमेरिकेचा दौरा केला तर सुमारे 60,000 डॉलर तोटा होईल, म्हणून येणे जमणार नाही. अमेरिकेतल्या चाहत्यांनी बँडने न मागताच निधी उभारला, तेवढी रक्कम जमवली आणि दौरा झाला. ही सरळ देणगी होती. परताव्याची भाषा अजून आली नव्हती. पुढे 2001 मध्ये याच बँडने न बनलेल्या अल्बमची आगाऊ विक्री करून ध्वनिमुद्रणाचा खर्च भागवला.

त्यानंतर काही काळ भर मतांवर राहिला. अमेरिकेतल्या इव्हेंटफुल या संकेतस्थळावर चाहते आपल्या शहरासाठी कलाकाराची ‘मागणी’ नोंदवत. 2009 मध्ये किस या बँडने आपला उत्तर अमेरिकेचा दौरा अशा मतांवरून आखला आणि कॅनडातल्या ओशावासारख्या मध्यम शहराला कार्यक्रम मिळाला. पण मत फुकट असते. दहा हजार मागण्यांमागे तिकीट काढणारे किती, हे आयोजकाला शेवटपर्यंत कळत नाही.

ही त्रुटी भरून काढली ती ब्राझीलमधल्या रिओ दि जानेरोने. परदेशी बँड त्याच देशातल्या साओ पाउलोत वाजवून परत जात आणि रिओ कोरडे राहत असे. 2010 मध्ये पत्रकार ब्रूनो नाताल आणि त्यांच्या मित्रांनी ‘केरेमॉस’ सुरू केले. पोर्तुगीजमध्ये याचा अर्थ ‘आम्हांला हवंय’. पहिला कार्यक्रम मीके स्नो या स्वीडिश गटाचा. युक्ती साधी होती. समजा, कार्यक्रमाचा खर्च एक लाख आहे. शंभर उत्साही चाहते हजार-हजार भरून तो आधीच उभा करतात आणि कार्यक्रम पक्का होतो. मग उरलेली तिकिटे सर्वांसाठी खुली होतात. त्यांतून लाख जमले की त्या शंभर जणांना सगळे पैसे परत मिळतात, म्हणजे कार्यक्रम फुकटात पडतो. पन्नास हजार आले तर निम्मे परत. त्यामुळे प्रत्येक वर्गणीदार आपल्या पैशासाठी शहरभर तिकिटे खपवत हिंडतो. जाहिरातीवर एवढे मन लावणारा पगारी माणूस मिळणे कठीण.

लंडनच्या साँगकिक या कॉन्सर्टची माहिती देणाऱ्या संकेतस्थळाने 2012 मध्ये ‘डीटूर’ नावाने जवळचाच प्रयोग केला. तिथे चाहता तिकिटाचे वचन देई आणि कार्यक्रम ठरला तरच पैसे कापले जात. 2014 मध्ये व्हर्जिनियातल्या रिचमंडच्या चाहत्यांनी फू फायटर्सला न विचारताच 50 डॉलरची 1,400 तिकिटे विकून 70,000 डॉलर उभे केले. बँडने होकार दिला आणि 17 सप्टेंबरला ‘द नॅशनल’ या सभागृहात कार्यक्रम केला.

पैसे जमले तरी तारीख मिळेलच असे नाही. कलाकार त्या दिशेला आधीच येणार असेल, तर वाटेतला आणखी एक मुक्काम स्वस्त पडतो. म्हणूनच रिओला साओ पाउलोच्या दौऱ्यांचा आधार होता. शिवाय वर्गणी जमते ती नाव असलेल्यांसाठी. ज्याला अजून कोणी ऐकलेले नाही, त्या स्थानिक गायकाला या पद्धतीचा उपयोग जवळजवळ शून्य. केरेमॉस पुढे स्वतःच नावाजलेला आयोजक झाला आणि 2018 पासून रिओत त्याच नावाचा महोत्सव भरवू लागला. त्याची तिकिटे मात्र नेहमीसारखीच विकली जातात.