मृत्युपत्र, प्रोबेट आणि मुंबईची वेस

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यातलं कलम २१३ काढून टाकलं. प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला घेण्याची, सक्ती त्या कलमाने होती. साताऱ्यात राहून साताऱ्यातल्याच घराचं मृत्युपत्र करणाऱ्याला त्याचं काही वाटणार नाही, कारण ते कलम त्याला कधी लागूच नव्हतं. गिरगाव-दादरच्या कुटुंबांनी मात्र त्यापायी वर्षानुवर्षं कोर्टाच्या फेऱ्या मारल्या आहेत.

धर्मशास्त्रात वाटणी, दत्तक, स्त्रीधन यांचा भरपूर खल आहे; मृत्युपत्राची पद्धत रुजली ती पुढे, इंग्रजी अमलात. १ सप्टेंबर १८७० पासून हिंदूंच्या मृत्युपत्राला लेखी मजकूर, सही आणि दोन साक्षीदार बंधनकारक झाले, पण फक्त बंगाल प्रांतात आणि मुंबई व मद्रास या शहरांत. इतरत्र तोंडी मृत्युपत्रही चालत होतं. ते १ जानेवारी १९२७ पासून थांबलं. लेखी मृत्युपत्राचा नियम असा देशभर गेला, प्रोबेटची सक्ती मात्र जुन्या हद्दीतच राहिली.

मृत्युपत्र मुंबईत केलेलं असेल, किंवा त्यातलं घर-जमीन मुंबईत असेल, तर प्रोबेटशिवाय त्याच्या आधारे कोर्टात हक्क सांगता येत नसे. म्हणजे मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडे फ्लॅट असेल तर प्रोबेट हवं; पलीकडे ठाण्यात राहणाऱ्याने तिथल्याच फ्लॅटचं मृत्युपत्र केलं तर नको. धर्माचाही फरक होता. हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांना सक्ती. पारशांना १९६२ पासून. ख्रिश्चनांना २००२ मध्ये सूट. मुसलमानांना सक्ती कधीच नव्हती. एकाच सोसायटीत शेजारी राहणाऱ्यांना वेगळे नियम लावण्याचं पटेल असं कारण मला तरी दिसत नाही.

प्रोबेट घ्यायचं म्हणजे अस्सल मृत्युपत्र कोर्टात जमा करायचं, मालमत्तेची यादी आणि कोर्ट फी भरायची, साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र जोडायचं आणि सगळ्या वारसांची संमती आणायची. ती न मिळाल्यास त्यांना नोटीस काढायची. एका भावाने कॅव्हेट (आपलं ऐकल्याशिवाय प्रोबेट देऊ नका असा अर्ज) दाखल करून हरकत घेतली की साध्या अर्जाचा दावा होतो आणि साक्षीपुरावे, उलटतपासणी सुरू होते. तोवर फ्लॅट विकायचा म्हटलं तरी गिऱ्हाईक मिळणं कठीण.

सक्तीच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे. नोटीस जात असल्यामुळे विधवा सुनेला किंवा लग्न होऊन दूर गेलेल्या बहिणीला निदान मृत्युपत्र आहे हे कळायचं. पण हे संरक्षण गरजेचं असेल तर ते लातूरच्या बहिणीलाही हवं होतं. आता प्रोबेट हवं तर घेता येतं, सक्ती नाही.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने एकत्र कुटुंबातल्या स्वतःच्या हिश्श्याचंही मृत्युपत्र करण्याची मुभा दिली. ती तेवढ्या हिश्श्यापुरतीच आहे, आणि २००५ पासून मुलीही जन्मतः हिस्सेदार असल्याने वडिलांचा हिस्सा लहान झाला आहे. गोव्यात पोर्तुगीज परंपरेमुळे मुलांचा अर्धा वाटा राखीवच असतो.

प्रोबेटची सक्ती गेली तरी वाद झाल्यास मृत्युपत्र शाबीत करावंच लागतं. १९५९ च्या एका निकालाने ठरवून दिलं की थरथरती, संशयास्पद सही, किंवा ज्याला घर मिळणार त्यानेच लिहून घेण्यात घेतलेला पुढाकार, असं काही दिसलं तर शंका दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यावर असते. नोंदणी ऐच्छिक आहे, आणि नोंदणी केली म्हणून ही जबाबदारी टळत नाही. स्टॅम्प पेपर लागत नाही, साधा कागद चालतो. साक्षीदार मात्र आपल्यापेक्षा वयाने लहान, पण सज्ञान, आणि पुढेही सापडतील असे निवडावेत, त्यांचा पूर्ण पत्ता लिहावा. हयात असेल तर किमान एकाला कोर्टात बोलवावंच लागतं. दोघेही गेले असतील तर त्यांच्यापैकी एकाची आणि मृत्युपत्र करणाऱ्याची सही ओळखणारं कुणीतरी शोधावं लागतं.