अब्रूचा दावा आणि तोंडबंदीचा दावा

एखाद्यावर खोटा आळ आला, त्यापायी नोकरी गेली, ओळखीची माणसं तोंड चुकवू लागली, तर त्याने अब्रुनुकसानीचा दावा जरूर लावावा. ज्याच्याकडे नावाखेरीज दुसरी पुंजी नाही, त्याला तर हा आधार हवाच.

दुसऱ्या प्रकारचा दावाही कागदावर हुबेहूब असाच दिसतो. तो लावलेला असतो बोलणाऱ्याला गप्प बसवायला. डेन्व्हर विद्यापीठातल्या जॉर्ज प्रिंग आणि पेनेलोपी कॅनन यांनी १९८०च्या दशकात अशा दाव्यांना ‘स्लॅप’ (सार्वजनिक सहभाग रोखण्यासाठीचा डावपेची दावा, या इंग्रजी नावाचं लघुरूप) हे नाव दिलं.

फरक ओळखताना मी आधी एक गोष्ट पाहतो: वादीला निकाल हवा आहे की तारखा? ज्याची अब्रू खरंच गेली, त्याला निकालाची घाई असते. तोंडबंदीच्या दाव्यात मात्र खटला लांबेल तेवढं वादीचं फावतं. मागितलेली भरपाई समोरच्याच्या सात पिढ्यांनाही फिटणार नाही एवढी असते, आणि बरेचदा संस्थेला सोडून एकट्या माणसाला गाठलं जातं.

बोललेलं खरं की खोटं, एवढ्यावर ही वाटणी होत नाही. लंडनमध्ये वाटलेल्या एका पत्रकावरून मॅकडोनाल्ड्सने १९९०मध्ये पाच जणांवर दावा लावला. तिघांनी माफी मागितली. हेलन स्टील आणि डेव्ह मॉरिस उभे राहिले. ती अधूनमधून बारमध्ये अर्धवेळ काम करायची, आठवड्याला फार तर ६५ पौंड मिळायचे. तो पूर्वी पोस्टमन होता, आता लहान मुलाला सांभाळत होता. बदनामीच्या खटल्यात सरकारी कायदेशीर मदत मिळत नसे, म्हणून बहुतेक काम दोघांनी स्वतःच चालवलं. सुनावणी ३१३ दिवस चालली! १९९७च्या निकालात पत्रकातले काही आरोप खरे ठरले, काही खोटे, आणि दोघांवर ६०,००० पौंडांची भरपाई बसली. अपिलात ती ४०,०००वर आली. २००५मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने सांगितलं, की कायदेशीर मदतीअभावी या दोघांना न्याय्य सुनावणी मिळालीच नाही.

विषमता काय करते ते इथे दिसतं. वकिलाची फी कंपनीच्या हिशेबात खर्चाची एक ओळ असते. ६५ पौंडांत आठवडा काढणाऱ्याचं सगळं आयुष्य त्याच खटल्यात अडकतं. माफी मागणाऱ्या तिघांना मी तरी दोष देणार नाही. ज्यांनी पहिली नोटीस येताच लेख मागे घेतला, त्यांची तर कुठल्याच कोर्टात नोंद नसते.

कॅलिफोर्नियाने १९९२मध्ये या दुखण्याच्या मुळाशी हात घातला. सार्वजनिक प्रश्नावर बोलल्याबद्दल दावा लागला, तर प्रतिवादी सुरुवातीलाच तो काढून टाकण्याचा अर्ज करू शकतो. मग दाव्यात तथ्य असण्याची शक्यता वादीला दाखवावी लागते, आणि अर्ज मान्य झाला तर प्रतिवादीच्या वकिलाची फीही वादीलाच भरावी लागते. खरा पीडित ही चाळणी पार करू शकतो. युरोपीय संघाने २०२४मध्ये याच धर्तीचे नियम केले, पण फक्त सीमापार दिवाणी दाव्यांपुरते. फौजदारी बदनामी त्यांच्या बाहेरच राहिली आहे.