गावाबाहेर घर घेतलंत? प्रोपेनचा हिशोब आधी बघून घ्या

इथे अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसन, मिलवॉकीच्या बाहेर दोन-चार एकरांचं घर घेतलेली आपली बरीच मंडळी आमच्याकडे पहिल्यांदा येतात ती जानेवारीत, बिल हातात घेऊन. शहरात गॅसची लाइन दारात असते, महिन्याचं बिल भरलं की झालं, गावाबाहेर अंगणात प्रोपेनची, म्हणजे घर गरम करायच्या गॅसची टाकी, ट्रक येतो, भरून जातो आणि एकदम हजार डॉलरची स्लिप दाराला लावतो. आम्ही घर गरम करणारे फर्नेस बसवतो आणि रिपेअर करतो, गॅस विकत नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहितोय.

टाकी बहुतेक ठिकाणी ५०० गॅलनची असते पण भरतात ८० टक्केच, म्हणजे ४०० गॅलन. ड्रायव्हर फसवत नाही हो, गरमीत प्रोपेन फुगतं त्याला जागा ठेवावी लागते. एक गॅलन म्हणजे साधारण १.९ किलो, तेव्हा भरलेल्या टाकीत आपल्याकडच्या १४.२ किलोच्या सिलिंडरसारखे पन्नासच्या वर सिलिंडर मावले असं समजा. वरचं झाकण उचललं की गेज दिसतो, काटा ८० वर म्हणजे फुल, ३० वर आला की फोन करायचा. पूर्ण रिकामी होऊ दिलीत तर लीक टेस्ट केल्याशिवाय गॅस चालू करत नाहीत, तिचे पैसे वेगळे, आणि रविवारी ट्रक बोलावलात तर ते अजून वेगळे.

टाकी कोणाची आहे हे घर घेतानाच विचारा. भाड्याची असेल तर ज्या कंपनीची टाकी तिनेच भरायची, शेजाऱ्याला गॅलनमागे ५० सेंट स्वस्त मिळतंय म्हणून काही उपयोग नाही. स्वतःची असेल तर चार ठिकाणी भाव विचारता येतो.

आता भाव. २०१३ च्या शरदात मिडवेस्टमध्ये मका ओला निघाला, तो वाळवायलाच शेतकऱ्यांनी भरपूर प्रोपेन जाळलं, वर थंडीही कडक पडली, आणि जानेवारी २०१४ मध्ये घरगुती भाव गॅलनला ४ डॉलरच्या वर गेला. असं दरवर्षी होत नाही पण झालं तर ऐन थंडीत तुमच्या हातात काही नसतं. म्हणून आमचं मत, जुलै-ऑगस्टमध्येच प्री-बाय किंवा कॅप प्लॅन घ्या. प्री-बायमध्ये पैसे आधी भरायचे, नंतर भाव पडला तर चुटपुट लागते हे खरं, कॅपमध्ये फी जाते पण भाव ठरलेल्या मर्यादेच्या वर जात नाही. बजेट प्लॅनने फक्त हप्ते पडतात, स्वस्त काही होत नाही.

फर्नेस जुना असेल तर तिथेच जास्त पैसा जातो. एका गॅलनमध्ये सुमारे ९१,५०० बीटीयू (उष्णतेचं माप), ८० टक्के कार्यक्षमतेचा फर्नेस त्यातले ७३,००० घरात देतो, ९५ टक्केवाला ८७,०००. म्हणजे आज हिवाळ्यात १००० गॅलन लागत असतील तर तेवढ्याच उबेला ८४० च्या आसपास पुरतील, अडीच डॉलर भावाने वर्षाला ४०० डॉलर वाचले. फर्नेसच्या जोडीला हीट पंप (विजेवर घर गरम करणारं यंत्र) असेल तर विजेच्या एका युनिटचा दर दहाने गुणा, आलेला आकडा गॅलनच्या भावापेक्षा कमी असेल तर साध्या थंडीत हीट पंप चालवा आणि पारा फारच खाली गेला की फर्नेस.

रात्री आठ तास थर्मोस्टॅट ७ ते १० डिग्री फॅरनहाइट खाली ठेवला तर वर्षाच्या खर्चात १० टक्क्यांपर्यंत फरक पडतो. पण डिसेंबरात भारतात जाताना फर्नेस बंद करून जाऊ नका, पाइप गोठून फुटले तर त्यापुढे गॅसचं बिल काहीच नाही. थर्मोस्टॅट ५५ डिग्रीवर ठेवा, टाकीचा गेज बघा, आणि तुम्ही महिनाभर नाही आहात हे ट्रकवाल्यांना सांगून जा.

आम्हाला फोन करताना फर्नेसवरच्या लेबलचा फोटो आणि मागच्या हिवाळ्याच्या स्लिपा जवळ ठेवा, अर्धा हिशोब फोनवरच करून देतो.