मान हलवून मोजलेलं अंतर

आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्या दिवशी डोळ्यावर पट्टी होती. तरी संध्याकाळचा चहा हट्टाने तिनेच गाळला. पहिली धार कपाऐवजी ओट्यावर पडली. दुसऱ्या कपाच्या वेळी तिने मान जराशी डावीकडे नेली, उजवीकडे आणली आणि मग पातेलं कलतं केलं. थेंबही सांडला नाही. "मान का हलवत होतीस गं?" असं विचारलं, तर म्हणाली, "मी कुठे हलवली?"

आपल्या दोन डोळ्यांत साधारण ६ ते ६.५ सेंटिमीटरचं अंतर असतं. दोघांना दिसणारी चित्रं त्यामुळे किंचित वेगळी असतात आणि त्या फरकावरून मेंदू वस्तू किती जवळ, किती लांब ते काढतो. हे आपण शाळेत शिकलेलो असतो. पण एकच डोळा तेवढाच बाजूला सरकला, तरी तीच दोन चित्रं मिळतात, फक्त एकापाठोपाठ एक. जवळची वस्तू जास्त सरकलेली दिसते, लांबची कमी. यालाच पॅरॅलॅक्स म्हणतात, मराठीत पराशय. कॅनडातल्या संशोधकांनी एक डोळा काढावा लागलेल्या माणसांना समोरच्या वस्तू उचलायला लावल्या, तेव्हा ती माणसं हात पुढे करताना इतरांपेक्षा डोकं जास्त हलवत असल्याचं दिसलं.

एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने दाट झाडीचं उदाहरण दिलं होतं. स्तब्ध उभं राहिलं तर फांद्या-पानांचा नुसता हिरवा गोंधळ दिसतो, पाऊल उचललं की कुठली फांदी पुढे आणि कुठली मागे ते लख्ख सुटं होतं. पाहायला जंगलात जायला नको, दाट वाढलेली जास्वंद पुरते. एक डोळा मिटा आणि जरा डावी-उजवीकडे झुला.

जास्वंदीचा पुरावा मात्र पक्का नाही. पानांचा लहानमोठेपणा, सावल्या, एकाआड एक झाकली जाणं, यांवरूनही खोली कळू शकते. १९७९ मध्ये ब्रायन रॉजर्स आणि मॉरीन ग्रॅहम यांनी हे सगळं काढून टाकलं. पडद्यावर फक्त विखुरलेले ठिपके, पाहायला एकच डोळा. डोकं स्थिर असताना तो सपाट ठिपक्यांचा पसारा. डोकं इकडेतिकडे हललं की त्या हालचालीला बांधल्यासारखे ठिपकेही कमीजास्त सरकत, आणि तोच पडदा सिमेंटच्या पत्र्यासारखा उंचसखल दिसू लागे.

खरी गंमत पुढे आहे. एसटीच्या खिडकीतून मधल्या अंतरावरच्या एखाद्या झाडावर नजर रोखून धरा. त्याच्या अलीकडचे खांब मागे पळतात, पलीकडचे डोंगर मात्र आपल्याबरोबर पुढे येतात. म्हणजे डोळ्याच्या पडद्यावर काही ठिपके एका दिशेला सरकतात, काही उलट. यातले जवळचे कुठले? नुसत्या या सरकण्यावरून हे ठरवताच येत नाही. पण झाड धरून ठेवण्यासाठी डोळा खोबणीत सावकाश मागे वळत असतो. तो ज्या दिशेला वळतोय त्याच दिशेला झाडाच्या तुलनेत जे सरकतं ते जवळचं, उलट सरकतं ते लांबचं. डोळा कुठे वळतोय याची बातमी मेंदूला ठेवावीच लागते. २००८ आणि २००९ मध्ये माकडांच्या मेंदूतल्या एमटी नावाच्या भागात अशाच पेशी मोजल्या गेल्या. काही 'जवळ'ला जास्त चेततात, काही 'लांब'ला. डोकं हलतंय पण डोळा खोबणीत वळत नाही अशी व्यवस्था केली, तेव्हा त्यांचा हा निवाडा नाहीसा झाला. मला तरी यातलं हेच सर्वांत नवल वाटतं: मान हलली तरी जवळचं कुठलं आणि लांबचं कुठलं हे ठरवायला बुबुळाच्या हालचालीची बातमी लागते.

मग आपण जागचे हललोच नाही आणि वस्तूच फिरली तर? दिवे घालवून एक खेळ करून पाहा. जुन्या हँगरची तार वेडीवाकडी वाकवा, दोऱ्याला टांगा, टॉर्च लांब ठेवून तिची सावली ताणलेल्या चादरीवर पाडा आणि दुसऱ्या बाजूने बघा. तार थांबलेली असताना ती कागदावर गिरवलेली रेघ वाटते. दोऱ्याला पीळ देऊन सोडला की सावलीतून पुढेमागे गेलेली भरीव तार उभी राहते. हान्स वॉलाक आणि डी. एन. ओकॉनेल यांनी १९५३ मध्ये हा परिणाम मांडला. सतत लांबणारी-आखडणारी सपाट रेघ मानण्यापेक्षा न बदलणारी एक तार फिरतेय, हे मेंदूला सोपं पडतं. शिमॉन उल्मन यांनी १९७९ मध्ये याचं गणितही दिलं: वस्तू फिरताना आकार बदलत नाही एवढं गृहीत धरलं, तर एका प्रतलात नसलेल्या चार बिंदूंची तीन दृश्यं आकार काढायला पुरतात.

पण तार डावीकडून फिरतेय की उजवीकडून, हे सावली सांगत नाही. इथे डोळ्याच्या वळण्याची बातमीच नाही. बघता बघता फिरण्याची दिशा उलटते आणि त्याबरोबर पुढचं टोक मागे जातं. मुलांना बसवलंत तर यावर भांडण ठरलेलं, आणि दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या.

वॉलाक यांच्या प्रयोगात आणखी एक गोष्ट निघाली. थांबलेली सावली आधी सपाट दिसणाऱ्यांनी ती एकदा फिरताना पाहिली, की नंतर थांबलेली सावलीही त्यांना भरीवच दिसे.