धारवा, बहुस्तरीय

गोळ्या किंवा रूळ न वापरता फिरत्या दंडाला आधार देणारा धारवा. याचे कवच पोलादाचे असते आणि त्याच्या आतल्या बाजूवर मऊ धातूंचे पातळ थर एकावर एक चढवलेले असतात. गॅरेजात याला शेल बेअरिंग म्हणतात. मोटारीच्या इंजिनात क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडचे मोठे टोक अशाच धारव्यांवर फिरते.

इंजिन पूर्ण वेगात असताना दंड आणि धारवा यांचा एकमेकांना स्पर्श होत नाही, मध्ये तेलाचा पातळ पापुद्रा असतो. लंडनमध्ये अभियंते बोशाँप टॉवर यांनी रेल्वेच्या धारव्यांवर केलेल्या प्रयोगांत हे अनपेक्षितपणे उघड झाले. धारव्याला वरून पाडलेल्या भोकातून तेल बाहेर येऊ लागले. भोक लाकडी बुचाने बंद केले, तर तेलाच्या दाबाने बूचही बाहेर ढकलले गेले. हा वृत्तांत १८८३ चा आहे. ऑझ्बर्न रेनल्ड्झ यांनी १८८६ मध्ये त्याची गणिती मीमांसा केली. धारव्याचा पृष्ठभाग कशाचा असावा हा प्रश्न मुख्यतः पापुद्रा नसतो त्या वेळचा आहे : इंजिन सुरू होताना, थांबताना, तेल कमी पडल्यावर किंवा तेलातून कचरा आल्यावर. अशा क्षणी पोलादाच्या दंडाला कठीण धातू भिडला, तर दोन्ही पृष्ठभागांवरील सूक्ष्म उंचवट्यांच्या टोकाटोकांना सांधे जुळतात, उष्णता वाढते आणि दंड जखडतो. त्यासाठी पृष्ठभाग मऊ व सहज कातरला जाणारा हवा. तो दंडाच्या किंचित वाकड्या बैठकीशी जुळवून घेणारा आणि धुळीचे कण पोटात रुतवून घेणाराही हवा. मात्र असा धातू सतत बदलत्या भाराखाली शिणून तडकतो. या दोन मागण्या एका धातूकडून पुऱ्या होत नाहीत. थरांची कल्पना यातूनच आली.

तिचे श्रेय सामान्यतः अमेरिकेच्या मॅसॅचूसेट्स राज्यातील टॉन्टन येथे जन्मलेले आयझॅक बॅबिट (१७९९–१८६२) यांना दिले जाते. कथिल, अँटिमनी व तांबे यांच्या मिश्रधातूला त्यांचेच नाव आहे. पण ‘बॅबिट यांनी या मिश्रधातूचे एकस्व (पेटंट) घेतले’ हे बऱ्याच ठिकाणी आढळणारे विधान काटेकोरपणे खरे नाही. १७ जुलै १८३९ चे त्यांचे एकस्व आस व दंड यांच्या आधारपेट्या बनवण्याच्या पद्धतीचे आहे. कठीण धातूच्या पेटीत मऊ धातू ओतायचा आणि भाराखाली तो पसरून बाहेर येऊ नये म्हणून पेटीला कडा ठेवायच्या, हा त्याचा गाभा. ५० भाग कथिल, ५ भाग अँटिमनी आणि १ भाग तांबे हे प्रमाण त्यात एक सोयीचा पर्याय म्हणून सांगितले आहे. असे मिश्रण तोवर अपरिचितही नव्हते. इंग्लंडमधील शेफील्ड येथे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ब्रिटानिया धातूची भांडी बनत, त्यांचे घटक हेच होते. बॅबिट स्वतः १८२४ च्या सुमारास टॉन्टनमध्ये याच भांड्यांच्या धंद्यात होते. त्यामुळे मिश्रधातू भांड्यांच्या कारागिरीतून आला आणि बॅबिट यांची खरी भर म्हणजे तो कठीण कवचात बांधून वापरणे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. पुढचा सारा विकास याच कल्पनेच्या वाटेने झाला आहे.

बॅबिट धातूच्या सूक्ष्मरचनेत कथिलाच्या मऊ आधारद्रव्यात कथिल-अँटिमनीचे घनाकार आणि तांबे-कथिलाचे सुईसारखे कठीण स्फटिक दिसतात. कठीण स्फटिक भार पेलतात आणि भोवतालचा मऊ भाग झिजून तेलासाठी खळगे होतात, असे स्पष्टीकरण पाठ्यपुस्तकांत दीर्घकाळ दिले जात होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मेलबर्न येथे आणि नंतर केंब्रिज येथे बाउडन व टेबर यांनी केलेल्या अभ्यासाचा कल वेगळा होता. कठीण पायावर मऊ धातूचा अगदी पातळ थर असला, तर भार पाया उचलतो, त्यामुळे प्रत्यक्ष स्पर्शक्षेत्र लहान राहते. कातरणे मात्र मऊ थरात घडते, म्हणून घर्षण कमी होते. कठीण स्फटिक मुळीच नसलेले शिशाचे विलेपनही उत्तम काम देते, हे या दुसऱ्या मताला पोषक आहे.

थर पातळ करण्याचे आणखी एक कारण शीण हे आहे. पोलादाला घट्ट जोडलेला मऊ थर जितका पातळ, तितका पाया त्याला कमी वाकू देतो आणि तडे उशिरा जातात. पण फार पातळ थरात कचऱ्याचे कण मावत नाहीत. अभिकल्पकाची खरी कसोटी इथे लागते.

त्रिधातू धारव्यात पोलादी कवचावर सुमारे ०·२ ते ०·३ मिमी. जाडीचे शिसेयुक्त कासे (ब्राँझ) असते. घन अवस्थेत तांबे व शिसे एकमेकांत जवळपास विरघळत नाहीत, म्हणून शिसे बेटांसारखे विखुरलेले राहते. तेल जुने झाले की त्यात सेंद्रिय अम्ले तयार होतात, ती शिसे खातात आणि तांब्याचा सच्छिद्र सांगाडा उरतो. यावर उपाय म्हणजे शिसे-कथिल किंवा शिसे-कथिल-तांबे यांचे सु. १५ ते २५ मायक्रोमीटर जाडीचे विद्युत् विलेपन. त्यातले कथिल अम्लापासून शिशाचे रक्षण करते. पण इंजिनाच्या उष्णतेत तेच कथिल हळूहळू खालच्या कास्यात शिरते व ठिसूळ संयुगे बनतात. म्हणून मध्ये निकेलचा एक-दोन मायक्रोमीटरचा बांध घालतात. वरचा थर झिजून निकेल उघडे पडले, तर ते स्वतःच दंडाला जखडू शकते, म्हणून हा बांध गरजेपेक्षा जाड ठेवत नाहीत. महायुद्धकाळातील अमेरिकन विमान-इंजिनांत कास्याच्या जागी चांदी वापरली गेली. चांदी शिणायला चिवट व उत्तम उष्णतावाहक, पण पोलादाशी तिचे जमत नाही. म्हणून तिच्यावर शिसे, शिशावर इंडियम चढवून ते उष्णतेने आत मुरवत.

ॲल्युमिनियमचे धारवे बहुधा दोन थरांचे असतात. २०% कथिल व १% तांबे असलेला मिश्रधातू शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा मध्ये ठेवून पोलादावर लाटून जोडतात. सिलिकॉन घातलेल्या प्रकारात त्याचे कठीण कण ओतीव लोखंडाच्या क्रँकशाफ्टवरील सूक्ष्म खरखर घासून काढतात.

यूरोपीय संघाच्या २००० सालच्या निर्देशाने नव्या मोटारींतील शिशावर बंधने आली. इंजिनाच्या धारव्यांसाठीची सूट २०११ मध्ये संपली, जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांना ती चालू राहिली. शिशाच्या जागी बिस्मथ, निर्वातात कणाकणाने बसवलेला ॲल्युमिनियम-कथिलाचा थर, तसेच ग्रॅफाइट किंवा मॉलिब्डेनम डायसल्फाइड मिसळलेले बहुवारिकाचे (पॉलिमरचे) लेप वापरात येत गेले. सिग्नलला आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होणाऱ्या इंजिनांत पापुद्रा वारंवार तुटतो, त्यांच्यासाठी बहुवारिकाचे लेप विशेष उपयोगी ठरतात.