प्रियोरात: शिक्का १९५४ चा, नाव झालं १९८९ नंतर

स्पेनमध्ये वाईनच्या प्रदेशांना जो सगळ्यात वरचा सरकारी दर्जा मिळतो तो आजवर दोनच प्रदेशांना मिळालाय, एक रिओहा (१९९१) आणि दुसरा प्रियोरात. रिओहा सगळ्यांना माहीत असतं, दुकानात पण दिसतं. प्रियोरात मात्र स्पेनच्या ईशान्येकडच्या कॅटालोनियात, समुद्रकाठच्या तारागोना शहरापासून आत डोंगरात दडलेला छोटासा भाग, द्राक्षबागा जेमतेम दोन हजार हेक्टर. इतका छोटा भाग तिथपर्यंत पोचला कसा, ते कळायला बरंच मागे जावं लागतं.

११९४ साली मोन्तसान्त डोंगराच्या पायथ्याशी कार्थुसियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंनी स्काला देई नावाचा मठ बांधला. देवाची शिडी असा त्याचा अर्थ, एका मेंढपाळाला तिथे देवदूत शिडीवरून चढताना दिसले अशी दंतकथा आहे. मठाच्या प्रमुखाला प्रायर म्हणायचे, आजूबाजूच्या गावांवर त्याचीच सत्ता, म्हणून तो सगळा भाग प्रियोरात. या साधूंनी इथे द्राक्षशेती वाढवली आणि शेकडो वर्षं टिकवली. मग १८३५ मध्ये स्पेनच्या सरकारने मठांच्या जमिनी ताब्यात घेऊन लिलावात काढल्या, साधू गेले, मठाची लूट झाली, आज तिथे अवशेष उरलेत.

द्राक्षं मात्र राहिली, आणि काही वर्षं तर भरभराट होती, कारण फ्रान्सच्या बागा फायलोक्सेरा नावाच्या मुळं खाणाऱ्या किडीने आधी संपवल्या आणि स्पेनच्या वाईनला मागणी आली. पण १८९० च्या दशकात तीच कीड इथे पोचली आणि डोंगरच्या डोंगर उजाड झाले. उपाय एकच, या किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकन खुंटावर कलम करायचं (आपल्याकडे नाशिक-सांगलीचे बागायतदार डॉगरिजच्या खुंटावर कलम करतात, ते मुख्यतः पाण्याचा ताण आणि खारवट जमीन यासाठी, पण तंत्र तेच). पण कलमं करून पुन्हा लागवड करायला पैसा लागतो, माणसं लागतात, आणि इथली माणसं तर शहरांकडे निघाली होती. ज्यांनी परत लावलं त्यांनी कारिन्येना ही द्राक्षाची जात जास्त लावली कारण ती माल जास्त देते, आणि ‘गार्नाचा’ ही दुसरी जात कमी लावली. बाकीच्या ताली, म्हणजे उतारावरची बांध घातलेली शेतं, तशाच ओस पडल्या.

१९५४ मध्ये प्रियोरातला प्रदेशनावाचा कायदेशीर दर्जा मिळाला, म्हणजे ठरलेल्या भागातल्या वाईनलाच ते नाव लावता येतं (सगळ्यात वरचा दर्जा अजून दूर होता). मला या सगळ्या इतिहासात हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण दर्जा मिळून सुद्धा गावं रिकामी होतच राहिली. वाईन सहकारी सोसायट्यांमध्ये जायची आणि तिथून बरीचशी सुटी विकली जायची, गडद आणि कडक म्हणून दुसऱ्यांच्या हलक्या वाईनमध्ये मिसळायला. बाटलीवर गावाचं नाव नाही तर गावाला भाव कसा मिळणार? १९७० च्या दशकात स्काला देईमध्येच एका वाईनरीने स्वतःच्या नावाने चांगली वाईन बाटलीत भरायला सुरुवात केली, पण चित्र पालटायला अजून वेळ होता.

रेने बार्बिए या मूळ फ्रेंच घराण्यातल्या माणसाने १९७९ मध्ये ग्राताल्योप्स गावात जमीन घेतली. त्याच्या ओळखीने हळूहळू बाकीचे जमले: रिओहातल्या वाईनवाल्या घरातला आल्वारो पालासिओस, फाल्सेतच्या वाईन शाळेत शिकवणारे जुझेप ल्युईस पेरेझ, पत्रकार कार्लेस पास्त्राना, डाफ्ने ग्लोरियान. १९८९ चं पीक त्यांनी एकत्र एकाच तळघरात बनवलं आणि आपापल्या लेबलाखाली विकलं, पैसे नव्हते म्हणून यंत्रं पण सामाईक. पुढे प्रत्येकाने आपली वेगळी वाट धरली, आणि पालासिओसच्या, गार्नाचा जातीच्या जुन्या बागेतली लेर्मिता नावाची वाईन १९९३ पासून येऊ लागली, जी लवकरच स्पेनच्या सगळ्यात महाग वाईन्समध्ये जाऊन बसली.

त्यांच्या हाती खरं भांडवल होतं ते या जमिनीचं आणि टिकून राहिलेल्या म्हाताऱ्या वेलींचं. जमीन म्हणजे लिकोरेया, काळसर तपकिरी, अभ्रकाने चमकणारा पाटीचा दगड, माती जवळजवळ नाहीच. पाणी टिकत नाही म्हणून मुळं फटींमधून खोल खोल जातात, उतार इतके उभे की काही बागांमध्ये अजून खेचराने नांगरतात, आणि खूप जुन्या वेलीवर किलोभर द्राक्षं सुद्धा मिळत नाहीत. म्हणून वाईन दाट, अल्कोहोल चढं, तरी चवीत दगडाचा एक कोरडा ताजेपणा राहतो. बहुतेक लाल वाईनच, गार्नाचा आणि कारिन्येना या जातींची, थोडी पांढरी, शिवाय गोड वाईन आणि पिंपात वर्षानुवर्षं हवा लागून मुरलेली जुन्या पद्धतीची रान्सी.

१९९० च्या दशकात काबेर्ने सॉव्हिन्यों, सिरा, मेर्लो या फ्रेंच जाती पण भरपूर लावल्या, बाजाराला तेव्हा तेच हवं होतं. आता कल परत स्थानिक जातींकडे आहे आणि ते मला योग्यच वाटतं, या दगडावर शंभर वर्षं टिकून दाखवलंय ते त्यांनीच.

वरचा दर्जा कॅटालोनिया सरकारने २००० मध्ये दिला, माद्रिदने तो मान्य करायला २००९ उजाडलं. दरम्यान २००१ मध्ये प्रियोरातला कंकणासारखा वेढणारा मोन्तसान्त (त्या डोंगराच्याच नावाचा) हा वेगळा वाईन-प्रदेश झाला, तिथल्या वाईन्स बऱ्याच स्वस्तात मिळतात, सुरुवात करायला चांगल्या. २००९ पासूनच बारा गावांची नावं लेबलवर लिहायची सोय झाली, आणि २०१९ मध्ये अजून खाली जाऊन शिवार आणि शेवटी एकेक बाग अशी पायऱ्यांची रचना आली. त्यामुळे पोरेरा किंवा ग्राताल्योप्सचा शेतकरी आता नुसतं प्रियोरात न लिहिता आपल्या गावाचं नाव लावून वाईन विकू शकतो, जे सुट्या मालाच्या काळात त्याच्या आजोबांना करता आलं नव्हतं.