लाइट गेल्यावर अणुभट्टीचं काय होतं?

'द लास्ट मॅन ऑन अर्थ' ही विनोदी मालिका अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर २०१५ ते २०१८ या काळात चालली. विषाणूने जवळजवळ सगळी माणसं संपवली आहेत. उरलेत मोजके लोक, आणि तेही असे की एरवी आपण त्यांच्याबरोबर लिफ्टमध्येसुद्धा चढणार नाही. विल फोर्टने साकारलेला नायक फिल मिलर सुरुवातीलाच लहान मुलांच्या फुगवायच्या टबात मार्गारिटा ओतून त्यात डुंबत बसतो, यावरून बाकीच्यांचा अंदाज यावा. तिसऱ्या पर्वात ही टोळी कॅलिफोर्नियात सॅन होजेला एका ऑफिसच्या इमारतीत मुक्काम ठोकते. पर्वाच्या शेवटी अणुवीज केंद्रांचं संकट उभं राहतं, सगळे गाशा गुंडाळून निघतात आणि चौथं पर्व मेक्सिकोत जातं.

विनोदी मालिकेत विज्ञानाच्या चुका काढत बसणं म्हणजे तमाशात गणपतीची आरती नीट म्हटली नाही म्हणून रुसण्यासारखं आहे. ही मंडळी वर्षानुवर्षं मोकाट गाड्या पळवतात. प्रत्यक्षात पेट्रोल काही महिन्यांतच उतरायला लागतं. त्यातले हलके, चटकन पेटणारे घटक उडून जातात, हवेतल्या ऑक्सिजनमुळे चिकट राळ धरते आणि इथेनॉल मिसळलेलं असेल तर ते दमटपणा ओढून घेतं. तेही सोडून देऊ. अणुभट्टीचं वेळापत्रक मात्र सोडवत नाही, कारण तिथे संकट फारच उशिरा आणलं आहे. माणसं नाहीशी होऊन एवढा काळ लोटल्यावर भट्ट्या वितळत नाहीत. वितळायच्या असतील तर त्या फार आधी वितळतात.

माणसं गेली की विजेचं जाळं फार तग धरणार नाही. जाळं कोसळलं की अणुभट्टी आपोआप बंद होते. न्यूट्रॉन शोषणारे नियंत्रक दांडे गाभ्यात शिरतात आणि काही सेकंदांत विखंडनाची, म्हणजे अणू फुटत राहण्याची, साखळी तुटते. इथवर माणसाची गरजच नाही. पण युरेनियमचे जे तुकडे आधीच झालेले असतात, ते स्वतःहून विघटित होत राहतात आणि त्यातून उष्णता निघत राहते. तिला बंद करायचं बटण जगात कुणाकडेही नाही.

ही उष्णता किती? कॅलिफोर्नियात सध्या चालू असलेलं एकच अणुवीज केंद्र आहे, डायब्लो कॅन्यन. सॅन होजेपासून दक्षिणेला, समुद्राकाठी. तिथे दोन भट्ट्या आहेत आणि प्रत्येकीतून सुमारे ३,४०० मेगावॉट उष्णता निघते. तिच्यातली जेमतेम एक तृतीयांश विजेत उतरते. भट्टी बंद झाल्याक्षणी यातली सहा-सात टक्के उष्णता शिल्लक असते. दिवसभरानंतर ती साधारण अर्ध्या टक्क्यावर येते. अर्धा टक्का म्हणजे काहीच नाही असं वाटतं, म्हणून हिशोब करून पाहा. ३,४०० चा अर्धा टक्का १७ मेगावॉट. एवढी उष्णता उकळतं पाणी तासाला २७ टन या वेगाने वाफ करून उडवते. उन्हाळ्यात दारात येतो तो दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा. बंद पडलेल्या, थंड समजल्या जाणाऱ्या एका भट्टीला दर बावीस मिनिटांनी तसा एक टँकर लागतो. रात्री तीनलासुद्धा. टँकर आला नाही की इंधनाचे दांडे उघडे पडतात, आणि त्यांचं झिर्कोनियम धातूचं आवरण साधारण १,२०० अंश सेल्सियसच्या पुढे वाफेशीच झोंबायला लागतं. त्यातून आणखी उष्णता निघते आणि वर हायड्रोजन.

पाणी फिरवायला पंप, पंपाला वीज, आणि बाहेरची वीज नाही म्हणून डिझेल जनरेटर. आमच्या सोसायटीचा जनरेटर सलग पाच तास चालला की कमिटीत डिझेलवरून भांडण लागतं. अमेरिकेतल्या अणुकेंद्रांत साधारण आठवड्याभराचं डिझेल साठवलेलं असतं. आठव्या दिवशी ते आणून ओतायला कोणीतरी हवं.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. जपानमधल्या फुकुशिमा अणुकेंद्रात ११ मार्च २०११ ला भूकंप झाला तेव्हा चालू भट्ट्या ठरल्याप्रमाणे बंद झाल्या होत्या. तासाभरात सुमारे १४ मीटर उंचीची लाट आली आणि जनरेटर बुडाले. पहिल्या भट्टीतलं इंधन त्याच रात्री वितळायला लागलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हायड्रोजनने तिच्या इमारतीचं छप्पर उडवलं. हा अणुस्फोट नव्हता, तो होऊच शकत नाही, कारण या इंधनात बॉम्बला लागतं तेवढं समृद्ध युरेनियम नसतं.

आपल्याकडची गोष्ट उलट्या शेवटाची आहे, आणि ती फारशी कुणाला माहीत नसते याचं मला नेहमी नवल वाटतं. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे उत्तर प्रदेशातल्या नरोरा केंद्रात टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन आणि तेल पेटलं, केबली जळाल्या आणि पहिल्या युनिटमध्ये सुमारे १७ तास पूर्ण अंधार झाला. कर्मचारी बॅटऱ्या हातात धरून धुरातून इमारतीत वर चढले आणि भट्टी पुन्हा सुरू होऊ नये म्हणून त्यांनी हातांनी झडपा उघडून तिच्यात न्यूट्रॉन शोषणारं बोरॉनचं द्रावण सोडलं. उष्णता काढायला वाफजनित्रांत पाणी गेलं ते आग विझवायच्या डिझेल पंपांनी. गाभा शाबूत राहिला. फिल मिलरच्या जगात तो जिना चढायला कोणीच उरलेलं नाही.

मालिकेच्या बाजूनेही थोडं बोलायला हवं. साथ हळूहळू पसरली असेल तर शेवटच्या कर्मचाऱ्यांनी भट्ट्या आधीच बंद केल्या असतील, आणि बंद राहण्यातला प्रत्येक आठवडा मोलाचा असतो. वर्षभराने उरलेली उष्णता अर्ध्या टक्क्याच्याही दहाव्या हिश्शावर येते. वापरलेलं इंधन खोल हौदात बुडवून ठेवतात. ते जुनं असेल तर हौद आटायला आठवडे, कदाचित महिने लागतात. आणखी जुनं इंधन पोलाद-काँक्रीटच्या कोरड्या पिंपांत ठेवतात, तिथे नुसती वाहती हवा पुरते. नव्या धाटणीच्या काही भट्ट्यांच्या डोक्यावर पाण्याची टाकी असते, ती पंपाशिवाय तीन दिवस निभावते. चौथ्या दिवशी टाकी कोण भरणार, हे पुन्हा आलंच.

सगळी सूट देऊनही संकट यायचं ते पहिल्या काही महिन्यांत, मंडळी एकमेकांना भेटण्याआधीच. तोवर भट्टीतून बाहेर पडलेलं, ८ दिवसांचं अर्धायुष्य (म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ) असलेलं किरणोत्सारी आयोडीन-१३१ संपलेलं असेल आणि ३० वर्षांचं अर्धायुष्य असलेलं सीझियम-१३७ मातीत बसलेलं असेल.

राहता राहिला मेक्सिको. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर वारा बहुतेक वेळा वायव्येकडून आग्नेयेकडे वाहतो. डायब्लो कॅन्यन फुटलं तर बहुतेक दिवस त्याचा ढग सॅन होजेपासून दूर, दक्षिणेकडेच सरकेल. म्हणजे ही मंडळी वाऱ्याच्या वरच्या अंगाला निवांत बसली होती आणि जीव वाचवायला उठून वारा जातो त्याच दिशेने निघाली. फिल मिलरचा निर्णय म्हणून तो अगदी शोभतो.